मोजणीकाकांची डबी

हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा सगळ्यात भारी साहसाचा खेळ कोणता, हे मला आयुष्यात एकाच माणसानं छातीठोकपणे सांगितलंय. तो कॉलेजातला पोरगा नव्हता. साठी ओलांडलेला, जमीन मोजणीच्या ऑफिसातून रिटायर झालेला माझा घरमालक होता. गावात त्यांना सगळे मोजणीकाका म्हणत. मीही तेच म्हणते.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नवीनच लागले होते. माहेर हट्ट्याचं, आणि नोकरी आमच्याच हिंगोली जिल्ह्यातल्या, पण पार दुसऱ्या बाजूच्या तालुक्याच्या गावाला. कुणीतरी सांगितलं म्हणून खोली बघायला गेले, तर अंगणात कडुलिंबाखाली खुर्ची टाकून काका बसलेले. डोक्यावर टोपी, पांढरा पायजमा, पायात कॅनव्हासचे बूट आणि त्यांच्या लेस अगदी आवळून बांधलेल्या. शेजारी पाण्याची बाटली. मांडीवर चौकटीचा कागद लावलेलं पॅड आणि हातात एक काळी उघडी डबी. मला वाटलं, माणूस बाहेर निघालाय.

म्हटलं, "काका, तुमी कुठं चालले असाल तर मी मागून येते."

वर न बघता म्हणाले, "चाललो न्हाई, पोचलो हाय. बसा जरा. एवढा पूल ओलांडतो."

आतून काकूंचा आवाज आला, "त्यांचं काई ऐकू नका! बसल्या जागी बुटं घालून मुलूख फिरून राहिले. खोली मी दाखवते, या."

मी त्याच दिवशी ठरवलं, राहायचं तर इथंच. असली करमणूक दुसरीकडं कुठं मिळायची?

डबी म्हणजे घडी होणारं व्हिडिओ गेमचं यंत्र. चुन्याच्या डबीसारखं उघडायचं, वर चित्र, खाली बटणं. काकांचे जावई जहाजावर नोकरीला. त्यांनी लेकरांसाठी कुठल्या तरी बंदरातून आणलं होतं. लेकरांना पुढं नवं आलं, आणि हे जुनं एका दिवाळीत त्यात घालायच्या खेळांच्या कॅसेटांच्या पिशवीसकट आजोळी राहून गेलं. काका तेव्हा नुकते रिटायर झालेले. दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचे, काकूंच्या डब्यांवरची झाकणं काढून आत काय आहे ते बघायचे. काकू कावून गेल्या होत्या. एके दिवशी झाकण काढायच्या त्याच सवयीनं त्यांनी ही डबी उघडली. आत गवतावर एक चिमुकला माणूस उभा. बटण दाबलं की तो चालायचा. सगळी नोकरी दुसऱ्यांची शेतं चालून काढलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? काका तिथून पुढं रोज सकाळी चहा झाला की बूट घालून डबीत जायला लागले. बूट काहून, तर "मोजणीला अनवाणी जात न्हाईत."

कॅसेटांवरची लिपी जपानी का चिनी, कुणालाच कळत नव्हती. काकांना त्याची काही तकलीफ नव्हती. "आपण तेलंगणाच्या शिवेवर बदलीवर होतो तवा तेलुगू कुठं वाचता येत होतं? जमीन वाचायची," म्हणायचे. खेळांना त्यांनी आपली नावं देऊन टाकली होती. बेटाचा, घंटेचा, रेल्वेचा, भुयाराचा. प्रत्येक खेळाचा नकाशा ते चौकटीच्या कागदावर काढायचे, आणि नुसता कच्चा नाही. त्यातल्या माणसाचं एक पाऊल म्हणजे एक चौकट. उत्तरेचा बाण, झाडांची खूण, विहिरीची खूण, गावाची शीव, सगळं शाईनं. नकाशा काढताना ज्या जागेवरून निघालो तिथं फिरून बराबर परत आलो पाहिजे, नाहीतर तो खेळ त्यांच्या लेखी खोटा. घंटेच्या खेळात जंगलातून उजवीकडं चार वेळा वळलं की भलत्याच ठिकाणी निघायचं. काका आठ दिवस त्या जंगलात घाम गाळत होते. शेवटी कागद खाली ठेवून म्हणाले, "सिस्टर, हे जंगल बनवणाऱ्यानं पायी चालून बगितलेलं न्हाई." घंटेचा खेळ तिथून चौथ्या नंबरावर गेला तो कायमचा.

खेळात कुणाच्या घरात शिरायचं तर दारात थांबून मोठ्यानं विचारायचे, "हाय का कोणी घरात?" चित्रातली बाई थोडीच उत्तर देणार! मग थोडं थांबून, खाकरून आत जायचे. असल्या खेळांत लोकांच्या घरातली मडकी फोडायची असतात, आत तलवारी-बिलवारी सापडतात. काका एका मडक्याला हात लावतील तर शपथ. "दुसऱ्याचं मडकं फोडायचं काहून? ती बाई तिथंच उभी हाय की!" त्यामुळं त्यांचा माणूस सगळ्या खेळांत कायम कफल्लक. राक्षस समोर आला की ते त्याला लांबून वळसा घालायचे. मी चिडायचे. मला धीर म्हणून नाही. इंजेक्शन देताना एक, दोन, तीन म्हणते, पण दोनालाच टोचते.

म्हटलं, "काका, मारामारी केली न्हाई तर साहस कसलं?"

"मारामारी म्हंजी साहस न्हाई. साहस म्हंजी अनोळखी गावात शिरायचं आणि तिथल्या माणसाला पाणी मागायचं. ते ज्याला जमलं, त्याला सगळं जमलं."

मी हसले होते. आता हसत नाही.

एकदा वारंगा फाट्याला जुन्या कॅसेटा मिळतात असं कळलं, तर जीपमध्ये बसून तिथवर गेले. मोबाईलच्या दुकानातल्या माणसाला विचारलं, "ह्याच्यात गाव हाय का? नाला हाय का?" तो बिचारा म्हणाला, "हाय ना काका, सब है." घरी आणून लावली, तर मोटारींच्या शर्यतीचा खेळ! मी म्हटलं, चला, फजिती झाली. पण काका कसले ऐकतात. बाकीच्या गाड्या भुंगाट निघून गेल्या आणि ह्यांनी आपली गाडी कडेला लावली आणि लांबचा डोंगर बघत बसले. मग गाडी उलटी वळवून सगळा रस्ता मोजला, त्याचाही नकाशा काढला. खेळ लाल अक्षरात ओरडत होता, बहुतेक उलटे चाललात म्हणून. काकांना अक्षर कुठं कळत होतं! निकाल दिला, "रस्ता झकास हाय. पण एक गाव न्हाई सगळ्या रस्त्याला. शेवटचा नंबर."

लोडशेडिंगचे दिवस. वीज आली की एकाच बोर्डावर काकूंचा मिक्सर आणि काकांची डबी, आधी कोण यावरून रोज जुंपायची. काकू म्हणायच्या, "चटणी वाटू का तुमचं भुयार चार्ज करू, ते एकदा सांगा." काका चटणीशिवाय जेवायला तयार असायचे. काकू त्यांना तसं जेवू द्यायच्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तर भुयाराचा खेळ. काकांच्या लेखी पहिला नंबर त्याचा, तो त्यांचा जीव की प्राण. त्यात एक गाव होतं, गावाची विहीर आटलेली, आणि डोंगराच्या पोटातून पाणी आणायचं होतं. गावातली माणसं दिवसेंदिवस खेळात दाराशी बसून राहायची, आणि काकांना त्यांचं फार वाटायचं. पण भुयाराचं तोंडच सापडेना. संक्रांत गेली, होळी आली. नकाशा पुरा झाला होता, सगळा बराबर जुळत होता, पण वाट नाही. "कुठंतरी हायच. मला दिसून न्हाई राहिली," म्हणत ते रोज त्याच शेतातून फिरत. शेताच्या कोपऱ्यावर एक चौकोनी दगड होता, वर खूण कोरलेली. काकांनी नकाशात तो हद्दीचा दगड म्हणून लाल शाईनं दाखवला होता.

एका दुपारी मी ड्युटीवरून वैतागून आले. काका डबीत डोकं घालून त्याच दगडाभोवती घिरट्या घालत होते. माझ्यानं राहवेना. त्यांच्या हातातून डबी ओढून घेतली, त्या माणसाला दगडाला टेकवलं आणि बटण दाबून धरलं. दगड घरंगळत बाजूला झाला. खाली पायऱ्या!

"घ्या! हे तुमचं भुयार!" मी अशी खूश झाले की बस.

काकांनी डबीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काय केलं तुमी?"

"ढकलला की."

"हद्दीचा दगड ढकलला?"

"अहो काका, खेळात ढकलायचाच असतो तो."

काकांनी बुटांच्या लेस सोडल्या, डबी मिटली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी बूट कोनाड्यात. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी काकू माझ्या खोलीच्या दारात. "सिस्टर, ह्यांचा बीपी बगता का? जेवून न्हाई राहिले, बोलून न्हाई राहिले. तुमी काई बोलल्या का त्यांना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बीपी घेतला, ठीक होता. पट्टा सोडता सोडता म्हटलं, "काका, माझं चुकलं. तुमचा खेळ मी मधीच—"

"तुमचं न्हाई चुकलं," काका म्हणाले. "माझं चुकलंय. लई जुनं हाय."

मग त्यांनी सांगितलं. दहा-बारा वर्षांपूर्वी सेनगावच्या वाटेला एका खेड्यात मोजणीला गेले होते. एका बाजूला तांड्यावरची बाई, दुसऱ्या बाजूला गावातला शेतकरी. हद्दीचा वाद. मोजणी सुरू करताना तीन जुन्या निशाण्या, म्हणजे पुरलेले खुणेचे दगड, शोधून एकमेकींशी जुळवून घ्यायच्या, हा नियम. त्या दिवशी बाकीच्या निशाण्या उभ्या पिकात कुठं सापडेनात. परतीची जीप गाठायची होती. कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड मात्र समोर उभा होता, खूण स्वच्छ. काकांनी त्या एका दगडावरून मोजणीची साखळी टाकली.

"ती बाई म्हणाली, साहेब, हा दगड सरकला हाय. मी ह्याच्यावर बसून रोज भाकर खात होते, तवा दुपारी चिंचेची सावली येत होती अंगावर. आता येत न्हाई." काका माझ्याकडं बघत नव्हते. "मी म्हणलं, बाई, दगड सरकत नसतो. सावली सरकते. सगळे हसले. मीबी हसलो. ऑफिसात कितीक वर्षं हे सांगून लोकांना हसवलं, सिस्टर."

त्या मोजणीत नाल्याकाठची पट्टी बाईच्या हातून गेली. तिथंच उन्हाळ्यात पाणी टिकायचं. त्या पाण्यावर तिची वांगी-मिरची होती, आठवड्याच्या बाजाराला ती पाटी घेऊन यायची. पुढच्या वर्षीपासून ती बाजारात दिसली नाही.

"मला तवाच कळायला पाहिजे होतं," काका म्हणाले. "दोन महिने मी डबीतल्या दगडाला हात लावला न्हाई. का तर दगड हलत नसतो, हे डोक्यात बसलेलं. आणि तो हलला. मग तिचाबी हलला असंल."

मी फटकळ आहे. म्हटलं, "मग इथं बसून काय होणार? जाऊ या की."

काका माझ्याकडं बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. राक्षसाला वळसा घालता येतो. ह्याला कसा घालणार?

रविवारी गेलो. काकांनी बूट घातले. डबी पिशवीत टाकली. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणाले, "तिला काय सांगू, मला कशावरून कळलं म्हणून?"

त्या बाई आता आजी झाल्या होत्या, पण जिवंत होत्या. तांड्यावर दाराशी बसून तूर पाखडत होत्या, पांढरे केस, हातात जुन्या पद्धतीच्या बांगड्या कोपरापर्यंत. काका फाटकाशी थांबले आणि खाकरले. आजींनी सूप खाली ठेवलं, डोळ्यांवर हात धरला.

"तुमीच का ते सावलीवाले साहेब?"

मी काकांच्या दंडाला धरलं.

"व्हय," काका म्हणाले. "मीच तो."

"काहून आले?"

"तुमचा दगड सरकला असंल, असं मला आता वाटून राहिलं, मावशी."

"आता वाटून राहिलं!" आजी हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं. "आता कशानं वाटलं?"

काकांनी पिशवीतून डबी काढली. मला लाजेनं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दहा-बारा वर्षांनी एका म्हाताऱ्या बाईकडं माफी मागायला यायचं आणि तिला व्हिडिओ गेम दाखवायचा! पण काका खाली मातीत बसले, डबी उघडली, दगड ढकलायच्या आधी साठवून ठेवलेला खेळ लावला. दगड परत आपल्या जागी होता. "हे बटण दाबून धरा," म्हणाले. आजींनी अंगठ्यानं दाबलं. दगड सरकला. आजींनी परत परत बघितलं. मग डबी काकांच्या हातात दिली.

"ह्या खेळण्यानं सांगितलं तवा पटलं तुमाला. मी तोंडानं सांगितलं होतं, साहेब. माझं तोंड दिसलं न्हाई तुमाला?"

काकांनी डबी मिटून पिशवीत टाकली.

मग म्हणाले, "फेरमोजणीचा अर्ज द्या, मावशी. मोजायचा अधिकार आता माझा न्हाई. पण मोजणीच्या दिवशी मी येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो."

आजींनी अर्ज दिला. मीच लिहून दिला. मोजणीची तारीख यायला पावसाळा उलटून गेला, आणि तोवर काकांनी डबी उघडली नाही. काकू रोज स्वतःहून चार्जिंगला लावायच्या आणि रोज ती तशीच मिटलेली परत ठेवायच्या.

मोजणीच्या दिवशी अर्धं गाव शेतात. मोजणीदार नवीन, तरुण, काकांना वाकून नमस्कार करणारा. शेजारच्या शेताचा आधीचा मालक वारला होता, आता त्याचा मुलगा. तो तावातावानं म्हणाला, "मोजणी ह्याच काकांनी करून दिली होती. बरोबर होती तवा. आता चूक कशी झाली? आमच्या बापानं दगड सरकवला म्हणायचंय का तुमाला?"

लोक कुजबुजायला लागले. तरुण मोजणीदारानं काम सुरू केलं. काका बांधावर हात बांधून उभे. शिवेवरची पहिली निशाणी सापडली. दुसरी बाभळीखाली सापडली. तिसरीसाठी नाल्यातला गाळ उपसावा लागला, दुपार कलली तेव्हा कुदळ टणकन वाजली. तिन्ही जुळवल्या. हद्दीचा दगड मूळ जागेपासून चौदा पावलं आत, आजींच्या शेतात येऊन बसला होता.

कुणीतरी काकांची बाजू सांभाळायला म्हणालं, "त्या मोजणीच्या आधी नाल्याला पूर आला होता ना, त्यानं सरकला असंल. काकांची काय चूक?"

मला वाटलं, सुटले. झाकली मूठ झाकलीच राहिली. पण काका बांधावरून खाली उतरले, सगळ्यांच्या मध्ये आले आणि टोपी काढून हातात घेतली.

"पुरानं दगड शेतात सरकवला. कागदावर मी सरकवला," ते म्हणाले. आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. "तीन निशाण्या बगायच्या सोडून एकीवर भागवलं. ही मावशी खरं सांगत होती, तिला मी हसलो आणि तुमाला हसवलं. ह्या पोराच्या बापानं काई केलेलं न्हाई, त्याच्या नावाला डाग लावू नका. चूक माझी. पंचनाम्यात लिहा, मी सही करतो."

तरुण मोजणीदार हळूच म्हणाला, "काका, तसं लिहायची गरज नाही."

"लिहा," काका म्हणाले.

दवाखान्यात मी मोठी मोठी माणसं पाहिली आहेत. चार माणसांत उभं राहून 'मी चुकलो' म्हणणारं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

शेजारचा तो मुलगा खाली बघत ढेकूळ पायानं फोडत होता. मग आजींना म्हणाला, "पट्टीत हरभरा पेरलाय. निघाला की सोडतो."

"निघू दे," आजी म्हणाल्या. "तुझा घाम हाय त्यात." मग त्यांनी काकांकडं पाहिलं. काका सही करत होते. "साहेबाला बसायला द्या कोणी. कवाचे उभे हायत." कुणी हलायच्या आत आजींनी स्वतःचं घोंगडं बांधावर अंथरलं. काका बसले. आजीही शेजारी बसल्या आणि फडक्यातली भाकर अर्धी करून त्यांच्या हातावर ठेवली. दोघं खात होते.

परतीच्या जीपमध्ये काका खिडकीतून बाहेर बघत होते. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती. मला वाटलं, आता माणूस निवांत झाला. उद्यापासून परत बूट, परत डबी, परत काकूंशी मिक्सरवरून भांडण. म्हटलं, "चला काका, मिटलं एकदाचं."

काकांनी खिशातून घडी केलेला चौकटीचा कागद काढला. कुठल्याच खेळाचा नकाशा नव्हता तो. तीन गावांची नावं होती, आणि प्रत्येक गावापुढं एका माणसाचं नाव.

"ह्या तीन ठिकाणीबी मी एकाच निशाणीवर भागवलं होतं, सिस्टर. बराबर असंल किंवा नसंल. ह्यातलं कोण हाय, कोण गेलं, ते ठाऊक न्हाई. जाऊन दारात उभं राहावं लागंल." कागद त्यांनी माझ्याकडं दिला. "उद्या तुमाला सुट्टी हाय का?"

उद्या माझी ड्युटी होती. मी ती बदलून घेतली.